बाकावरची जागा

जून महिना आपल्या व्यापारी घरांत मोठ्या धांदलीचा असतो. ज्यांचे बी-बियाण्यांचे दुकान, त्यांच्या दारात पेरणीच्या लगबगीने आलेले शेतकरी उभे असतात. कापडाच्या दुकानांत गणवेशांची मापे चाललेली असतात, तर किराणा व जनरल स्टोअरच्या फळीपुढे छत्र्या, रेनकोट, वह्या आणि कंपासपेट्या मागणाऱ्यांची रीघ लागते. रात्री रोजमेळ लिहून होईपर्यंत कर्त्या माणसांचे डोळे मिटू लागतात. याच धांदलीत आपल्याही घरातले एखादे मूल नवे दप्तर पाठीला लावून नव्या शाळेत जाऊ लागते. दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या आपण चोख मोजून देतो. आपल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे पाहायला मात्र त्या महिन्यात कोणाला सवड नसते. आजचे सदर त्या मुलाविषयी आहे आणि त्याच्या घरासाठी आहे.

आपल्याकडे बहुतेक खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. त्यापुढे पाचवीला अथवा आठवीला मुलाला हायस्कुलात जावे लागते आणि ते हायस्कूल पुष्कळदा तालुक्याच्या गावी असते. मोठ्यांच्या दृष्टीने हा केवळ इयत्तेचा बदल. शाळा सोडल्याचा दाखला एका कचेरीतून काढून दुसऱ्या कचेरीत दिला, फी भरली, गणवेश शिवला, की काम संपले. मुलाच्या दृष्टीने मात्र सारे जगच बदललेले असते. काल एकच गुरुजी दिवसभर शिकवीत होते. त्यांना मुलाचे घर, आजोबा, दुकान सारे ठाऊक होते. आज दर तासाला घंटा होते आणि नवे शिक्षक वर्गात येतात. काल तो नावाने ओळखला जात होता. आज तो 'क' तुकडीतला एक हजेरी क्रमांक आहे. गणित आणि विज्ञान सेमी इंग्रजीत, आठवीपासून संस्कृतची भर, वरच्या वर्गातली मिसरुड फुटलेली मुले, आणि पाणी कोठे प्यायचे, स्वच्छतागृह कोठे आहे, हे कोणाला विचारावे तेही कळत नाही, अशी अवस्था.

मी तीस वर्षे हायस्कुलात शिकविले. पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकले, की नवी मुले कोणती, हे हजेरीपट न उघडता मला कळे. ती मधल्या ओळीत, शक्य तर भिंतीच्या कडेला बसत. दप्तर बाकाखाली न ठेवता मांडीवर घट्ट धरून ठेवत. प्रश्नाचे उत्तर येत असूनही हात वर करीत नसत आणि लघवीला जायचे असले तरी मधल्या सुट्टीपर्यंत दम धरीत. हे सारे मला ठाऊक होते. तरीही माझ्याच घरात जेव्हा असे मूल उभे राहिले, तेव्हा मला ते दिसले नाही. ती चूक सांगण्यासाठीच आज हा लेख लिहीत आहे.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी सातवी उत्तीर्ण होऊन तालुक्याच्या हायस्कुलात आठवीला गेली. आमचे गाव तालुक्यापासून बारा किलोमीटर. सकाळी साडेनऊची एस. टी. आणि परत येताना साडेपाचची. गावच्या शाळेत ती वर्गाची मॉनिटर होती, पाठशाळेत प्रतिक्रमणाची सूत्रे तिला सर्वांत आधी पाठ होत. त्यामुळे तिची काळजी करावी, असे कोणाच्या मनातही आले नाही. पहिल्या आठवड्यात ती थोडी गप्प वाटली. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. मंगळवारीही दुखले. ओवा झाला, हिंग झाला. तिचे वडील दुकान उघडण्याच्या घाईत म्हणाले, "अगं, व्यापाऱ्याची लेक तू. घाबरतेस कशाला?" आणि मी, तीस वर्षांची अनुभवी शिक्षिका, म्हणाले, "नवकार म्हण आणि निघ. एस. टी. चुकेल."

ती निघाली. नवकारही म्हणाली असेल. पण शनिवारी तिच्या आईने दप्तर धुवायला काढले, तेव्हा तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले ठेपले निघाले. बुरशी आलेले, चार-पाच दिवसांचे. रोज डबा रिकामा येत होता, म्हणून घरात समाधान होते. डबा रिकामा येत होता तो असा. काही ठेपले तिने वाटेत गाईला घातले होते, काही पिशवीत लपविले होते. ज्या घरात ताट धुऊन पितात, ताटात कण टाकणे पाप मानतात, त्या घरातल्या मुलीने हे केले होते, आणि आपण काय करीत आहोत हे तिला पुरते कळत होते. पिशवी पाहताच ती जी रडू लागली, ती तासभर थांबली नाही. मध्येच म्हणाली, "मला परत गावच्याच शाळेत बसवा. पुन्हा सातवीत बसवलं तरी चालेल."

हळूहळू कळले ते असे. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलीने आपल्या डब्यातली बटाट्याची भाजी तिच्यापुढे केली. हिने हात मागे घेतला. तिने विचारले, "का गं? विटाळ होतो का आमचा?" विचारणारीच्या मनात फारसे वाईट नसेलही. पण हिला उत्तर सुचले नाही. 'आम्ही कंदमुळे खात नाही' एवढे ती चाचरत म्हणाली, तर मागच्या बाकावरून कोणीतरी त्या शब्दाची चेष्टा केली आणि चार जणी हसल्या. त्या दिवसापासून तिने शाळेत डबा उघडला नाही. सकाळी नऊला जेवून निघालेली मुलगी संध्याकाळी सव्वासहापर्यंत उपाशी राहत होती. पोटात दुखत होते ते खरेच दुखत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण मुलांना व्रत दिले, नियम दिला, सूत्रे पाठ करून घेतली. परंतु नियमामागचा विचार दुसऱ्याला दोन साध्या वाक्यांत कसा सांगावा, हे शिकविले नाही. ज्या नियमाचे उत्तर मुलाजवळ नसते, तो नियम परक्या ठिकाणी त्याला एकटे पाडतो. आणि दुसरी गोष्ट अधिक बोचली. 'घाबरतेस कशाला' असे म्हणून आम्ही तिचे भय नाहीसे केले नव्हते, केवळ ते बोलून दाखविण्याची वाट बंद केली होती. मग ते भय पिशवीत बांधून दप्तराच्या तळाशी गेले.

आपल्या शास्त्रांनी भयाचा विचार किती बारकाईने केला आहे, हे अशा वेळी आठवते. मोहनीय कर्माच्या विवेचनात नऊ नोकषाय सांगितले आहेत; हास्य, रती, अरती, शोक यांच्याच पंक्तीत भय आहे. म्हणजे संसारी जीवाला भय वाटणे ही काही त्या मुलाची लाजिरवाणी कमतरता नव्हे. आपण सारेच त्या उदयाखाली आहोत. स्थानांग सूत्रात भयाची सात स्थाने सांगितली आहेत. त्यांतल्या पहिल्याला इहलोकभय म्हणतात, म्हणजे आपल्याच जातीच्या जीवापासून, माणसाला माणसापासून वाटणारे भय. एक अकस्मात् भय आहे, बाहेर काही कारण नसताना मनातूनच उठणारे. आणि सर्वांत शेवटचे अश्लोकभय, म्हणजे अपकीर्तीचे, चारचौघांत मान जाण्याचे भय. नव्या वर्गात बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाकडे पाहा. ही तिन्ही भये त्याच्या बाकावर येऊन बसलेली दिसतील. त्यांतले शेवटचे सर्वांत भारी. त्याला मार बसण्याची भीती फारशी नसते. आपण हसण्याचा विषय होऊ, ही भीती असते.

आपण व्यापारी माणसे. अश्लोकभय म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या भाषेत त्याला पत जाणे म्हणतात. बाजारात पत जाऊ नये म्हणून आपण काय काय करतो! घरात अडचण असली तरी देणे वेळेवर फेडतो. मुलाचीही वर्गात एक पत असते. ती त्याने गावच्या शाळेत सात वर्षे जमविलेली असते आणि नव्या शाळेच्या दारात ती एका दिवसात शून्यावर येते. नव्या गावात दुकान मांडणाऱ्या माणसाला पहिले सहा महिने कसे जातात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तरी मुलाला 'घाबरतोस कशाला' असे म्हणू नये.

या भयाने मोठमोठ्यांना सोडलेले नाही. मोहनदास गांधी वयाच्या बाराव्या वर्षी राजकोटच्या हायस्कुलात गेले. आत्मकथेत त्यांनी स्वतःविषयी मोकळेपणाने लिहिले आहे, की आपण अतिशय लाजाळू होतो. घंटेला शाळेत पोहोचायचे आणि शाळा सुटताच पळत घर गाठायचे, कारण कोणी बोलेल आणि थट्टा करील, ही धास्ती. पहिल्याच वर्षी शिक्षणाधिकारी तपासणीला आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. एक शब्द या मुलाचा चुकला. शेजारच्याची पाटी पाहून दुरुस्त कर, असे शिक्षकांनी बुटाच्या टोकाने सुचविले, तरी त्याने तसे केले नाही. सर्वांचे शब्द बरोबर आले, याचा तेवढा चुकला. भित्रा म्हणता येईल असा तो मुलगा खोटेपणाच्या बाबतीत मात्र भ्याला नाही. भय आणि दुबळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

हाच मुलगा 1888 साली विलायतेला निघाला, तेव्हा मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्याला जैन साधू बेचरजी स्वामींनी दिली, हे आपल्या समाजात पुष्कळांना ठाऊक आहे. लंडनला पोहोचल्यावर काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. तेथे आरंभी तो कित्येक दिवस अर्धपोटी राहिला. वाढणाऱ्यांकडे आणखी भाकरी मागायचीही त्याला लाज वाटे. पुढे शाकाहारी भोजनालय सापडले, शाकाहारावरचे पुस्तक वाचनात आले, तेव्हा प्रतिज्ञा ही त्याची स्वतःची झाली. मग तो तेथील शाकाहारी मंडळींत काम करू लागला. नियम समजून घेतल्यावर लाजाळू मुलगाही त्यासाठी उभा राहू शकतो. आमच्या मुलीची अडचण आणि त्याची अडचण यांत फारसे अंतर नव्हते.

आमच्या घरात वाट दाखविली ती माझ्या सासऱ्यांनी. त्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. शनिवारचे रडणे त्यांनी ओसरीवरून ऐकले होते, पण ते काही बोलले नाहीत. रविवारी संध्याकाळी त्यांनी नातीला दुकानात नेले, गादीवर आपल्या शेजारी बसविले आणि म्हणाले, "तुझ्याएवढा होतो. वडिलांनी मला एकट्याला नगरच्या आडते बाजारात डाळ घ्यायला पाठवलं. तिथं सगळे मोठे मोठे आडते. मी धोतराचा सोगा हातात धरून एका पेढीच्या पायरीवर उभा. एक तास उभा राहिलो. कोणी ये म्हणेना, जा म्हणेना. भाव विचारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. डोळ्यांत पाणी आलं."

"मग, दादाजी?" ती म्हणाली.

"मग एक म्हातारे आडते होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गादीवर जरा सरकले आणि म्हणाले, 'बस.' एवढंच. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. मी बसलो. पाणी दिलं. मग मला आवाज फुटला. पुढं पन्नास वर्षं त्याच पेढीवरून माल घेतला मी. भाव दुसरीकडं कमी असला तरी."

एवढे सांगून ते थांबले. तात्पर्य काढले नाही. नातीला त्यांनी धीर दिला नाही, शाळेचे नावही काढले नाही. आपणही एकदा घाबरलो होतो, एवढेच सांगितले. ज्या दादाजींपुढे सारा बाजार मान लववितो, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले होते, हे तिने प्रथमच ऐकले.

त्या रात्री आम्ही तिघी, तिची आई, ती आणि मी, स्वयंपाकघरात बसलो. कंदमुळांविषयी कोणी विचारले तर काय सांगायचे, ते तिने आपल्याच शब्दांत जुळविले. "जमिनीखालचं उपटलं की सगळं झाडच मरतं, आणि त्यात खूप जीव असतात असं आम्ही मानतो. म्हणून आम्ही खात नाही. तुमचा विटाळ नाही. माझ्या डब्यातलं तू घे." अनंतकायाचा सारा सिद्धांत त्यात येत नाही, हे मला कळत होते. पण मधल्या सुट्टीत तेवढे पुरेसे होते. आईने विचारले, "डब्यात काय देऊ?" तिने सांगितले, "खाकरे जास्त दे. वाटता येतील असे."

सोमवारी ती गेली. पोटात थोडे दुखत होतेच. त्या आठवड्यात काय घडले, ते तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. बुधवारी वर्गात आणखी एक नवी मुलगी आली. उशिरा प्रवेश घेतलेली, वस्तीवरून पायी येणारी, गणवेशही अजून न शिवलेली. ती दाराशी उभी राहिली. बाक सगळे भरलेले. बाईंनी 'बस कुठंतरी' असे म्हटले आणि त्या फळ्याकडे वळल्या. आमची मुलगी दप्तर उचलून मांडीवर घेत बाकावर सरकली आणि म्हणाली, "बस."

मधल्या सुट्टीत त्या दोघींनी एकत्र डबा उघडला. त्या मुलीच्या डब्यात भाकरी आणि कांद्याची चटणी होती, हिच्या डब्यात खाकरे. हिने आपले ते उत्तर सांगितले. तिने फक्त "बरं" म्हटले आणि चटणीचा डबा जरा बाजूला ठेवून खाकरा घेतला. बटाट्याची भाजी पुढे करणारी मुलगीही चार दिवसांनी खाकरा मागायला आली. सारे एका दिवसात सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. मागच्या बाकावरची चेष्टा सहामाहीपर्यंत अधूनमधून चाललीच. सोमवारची पोटदुखीही दिवाळीपर्यंत टिकली. पण डबा खरोखर रिकामा येऊ लागला.

आपल्याकडे दानाचे प्रकार सांगताना आहारदान, औषधदान आणि ज्ञानदान यांबरोबर अभयदान सांगितले आहे आणि त्याला फार वरचे स्थान दिले आहे. नमोत्थुणं सूत्रातही तीर्थंकरांची स्तुती करताना अभय देणारे म्हणून त्यांना वंदन केले आहे. अभयदान म्हटले, की आपल्याला पांजरपोळ आठवतो, कसायाच्या दारातून सोडविलेली जनावरे आठवतात. ते योग्यच आहे. पण बाकावर सरकून 'बस' म्हणणे हेही अभयदानच आहे, हे मला माझ्या पुतणीने शिकविले. त्याला पैसा लागत नाही. आणि आणखी एक गोष्ट तिच्याकडून कळली. जो स्वतः घाबरलेला आहे, तोही हे दान देऊ शकतो. किंबहुना ते देतानाच त्याचे स्वतःचे भय ओसरू लागते.

आपल्याच समाजातल्या एका थोर पुरुषाने हे दान आयुष्यभर दिले. कर्मवीर भाऊराव पाटील 1887 साली कुंभोजला एका जैन कुटुंबात जन्मले. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले, तेथे जैन बोर्डिंगात राहिले आणि राजाराम हायस्कुलात शिकले. ते स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. पण खेड्यातून शहराच्या शाळेत आलेल्या मुलाला जागा मिळणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत व एकत्र जेवत. एकदा मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. ज्या लाजाळू मुलाची गोष्ट वर सांगितली, ते गांधीजी 1927 मध्ये त्या वसतिगृहात आले आणि त्यांनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. आज रयतेच्या शाळांत आपलीही पुष्कळ मुले शिकतात. त्या शाळांच्या पायाशी 'ये, बस' हाच शब्द आहे.

आता ज्या घरांतून या वर्षी मूल नव्या हायस्कुलात जाणार आहे, त्यांना एक शिक्षिका आणि एक चुकलेली मोठी आई या दोन्ही नात्यांनी काही सांगते.

शाळा उघडण्याच्या आधी एक दिवस दुकानातून दोन तास काढून मुलाला शाळेत घेऊन जा. कचेरी, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि वर्ग ही चार ठिकाणे त्याला दाखवा. निम्मी भीती तेथेच कमी होते. एस. टी. चा थांबा आणि परतीची वेळ त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

संध्याकाळी घरी आल्यावर 'आज काय शिकवले?' हा प्रश्न पहिले पंधरा दिवस बाजूला ठेवा. 'कोणाजवळ बसलास? डबा कोणाबरोबर खाल्लास?' असे विचारा. उत्तर लगेच येणार नाही. गिऱ्हाईक माल न्याहाळत असताना आपण जसे गप्प बसतो, तसे गप्प बसा.

पोटदुखीला 'नाटक' म्हणू नका आणि पहिल्याच दिवशी घरीही ठेवू नका. दुखते हे मान्य करा, बरोबर थांब्यापर्यंत चालत जा. दुखणे महिनाभर चालले, झोप उडाली, वजन उतरले, तर डॉक्टरांना दाखवा आणि वर्गशिक्षकांना भेटा. कोणी मारहाण किंवा सतत छळ करीत असेल, तर मुलाला 'दुर्लक्ष कर' असे सांगून थांबू नका. स्वतः शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे.

नियम द्या, पण त्याचे उत्तरही द्या. कंदमूळत्याग, उकळलेले पाणी, चौविहार यांविषयी मूल आपल्या शब्दांत दोन वाक्ये बोलू शकेल, असे पाहा. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. साडेपाचच्या एस. टी. ने येणाऱ्या मुलाचा चौविहार कसा पाळला जाईल, याचा विचार घराने आधी करावा; त्यासाठी दुसरा छोटा डबा द्यावा. तो भार एकट्या मुलावर टाकू नये.

थोरल्या भावाशी तुलना करू नका. आणि घरातल्या मोठ्यांनी, विशेषतः ज्यांचा बाजारात दबदबा आहे अशांनी, आपण कधी घाबरलो होतो ते मुलाला एकदा सांगावे. त्याने आपली पत कमी होत नाही. माझ्या सासऱ्यांची पत आमच्या घरात त्या संध्याकाळनंतर वाढलीच.

ज्या मुलांची ही शाळा जुनी आहे, त्यांच्या आईवडिलांना एकच विनंती. या आठवड्यात आपल्या मुलाला विचारा, "तुमच्या वर्गात नवीन कोण आलं आहे? ते कोणाजवळ बसतं?" मुलाला ठाऊक नसेल, तर उद्या पाहून यायला सांगा. थोड्याच दिवसांत चातुर्मास सुरू होईल, आपण नाना प्रकारचे नियम घेऊ. त्यांत मुलांसाठी हा एक छोटा नियम असू द्यावा: एका तरी नव्या मुलाला आपल्या बाकावर जागा देईन.

माझी पुतणी आता दहावीत आहे. जूनच्या पहिल्या दिवशी ती शाळेत लवकर जाते. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाली, "आठवीच्या मुली येतात ना. पाण्याचा नळ कुठं आहे, ते त्या कोणाला विचारत नाहीत."

जय जिनेंद्र.